आकडा ९१ आला, आता करायचं काय?

सप्रेम नमस्कार डॉक्टर,

आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. जन्मात कधी विडी ओढली नाही, तरी तीन वर्षांपूर्वी त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असल्याचं निघालं. रोजचे दोन इनहेलर आहेत. घरातली कामं सावकाश करतात, जिना चढताना मध्ये थांबतात. आंघोळीचं पाणी आमच्याकडे अजून मागच्या दारी चुलीवर तापतं आणि ते काम त्या कुणाला करू देत नाहीत.

माझे थोरले दीर बोटीवर असतात. गेल्या खेपेला त्यांनी बॅग भरून यंत्रं आणली. बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं ऑक्सिमीटर, मनगटावरचं घड्याळ, श्वास किती जोरात सुटतो ते फुंकून मोजायचा पीक फ्लो मीटर आणि श्वास ओढून वर न्यायच्या तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, माळ्यावर होता, तोही उतरवला. आता दिवसातून आठ-दहा वेळा व्हॉट्सॲपवर आकडे पाठवायचे. ९३ च्या खाली गेलं की लगेच फोन. मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता घड्याळाने ८७ दाखवलं, आम्ही आईंना गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. तिथे ९२. घरी जाऊन झोपा म्हणाले. तेव्हापासून आई रात्री ते मशीन मिनिटाला ५ लिटरवर ठेवून झोपतात, कारण मग ९८ येतं आणि भावोजींचा जीव भांड्यात पडतो. सकाळी मात्र डोकं जड असतं म्हणतात.

भावोजींना बोलायला जीभ रेटत नाही. २०२१ च्या मे महिन्यात मामंजी गेले तेव्हा ते बोटीवर अडकले होते, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. हे म्हणतात, पाठव ना आकडे, तुझं काय जातं? माझं काय जातं ते मलाच ठाऊक. पीक फ्लो मीटर सध्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या ताब्यात आहे. त्याला बालदमा आहे, दिवसभर फुंकून काटा वर नेत बसतो.

यातलं कोणतं यंत्र खरंच कामाचं? किती वेळा मोजायचं? आणि किती आकड्याला बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठायचं?

– एक सून, डिचोली

प्रिय सूनबाई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुम्ही जे विचारलंच नाही ते आधी. रात्रीचं ते ५ लिटरचं प्रकरण. हे वाचणं बाजूला ठेवा आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन लावा. कुणी लिहून न देता माळ्यावरचा कॉन्सन्ट्रेटर सुरू केलाय, रात्रभर ५ लिटरवर चालतो, सकाळी डोकं जड होतं. एवढं सांगितलंत तरी त्यांना कळेल. बंद करायचा, कमी करायचा की कसं, ते त्यांना ठरवू दे. ते फोनवर भेटले नाहीत तर उद्यावर न टाकता जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन या. आणि एखाद्या सकाळी त्या हाक मारूनही धड जाग्या होईनात, किंवा काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या, तर मला, डॉक्टरांना, भावोजींना कुणालाच विचारायचं नाही, सरळ १०८.

एवढी घाई का, ते सांगते. फुप्फुसांची कामं दोन, ऑक्सिजन आत घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. ऑक्सिमीटर पहिल्या कामाचा हिशेब देतो, दुसऱ्याबद्दल तो मुका आहे. जुन्या सीओपीडीत काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि बाहेरून भरमसाट ऑक्सिजन मिळाला की आणखी साचतो. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा खेळत नाही, तिकडचा रक्तपुरवठा शरीराने आपणहून आवळून धरलेला असतो. ऑक्सिजनचा पूर आला की ती मूठ सैल होते आणि रक्त त्या निरुपयोगी भागातून फुकट फेरी मारून परत येतं. वर, ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड उचलायलाही कुरकुरतं. बोटाला ९८ दिसत असतं आणि आत दुसराच वायू तुंबत असतो. सकाळचं जड डोकं, दिवसभर पेंग, हाताला थरथर ही त्याची ओळखीची लक्षणं. तुमच्या सासूबाईंना तेच झालंय असं मी पत्रावरून म्हणणार नाही. ते मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासतात, एबीजी म्हणतात त्याला, आणि ती तपासणी त्यांची व्हायला हवी.

जेवायला बसलेल्या पाहुण्याला आग्रह करावा तसा आपण ऑक्सिजन वाढतो. घ्या हो, थोडा अजून. पण तो औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका आहे अशा सीओपीडीवाल्यांना ऑक्सिजन द्यायची वेळ आली तर लक्ष्य ८८ ते ९२ इतकंच ठेवतात. २०१० साली टास्मानियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णवाहिकेत धाप लागलेल्या रुग्णांपैकी काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ राहील इतकाच मोजून दिला. मोजून दिलेल्यांत मृत्यू बरेच कमी झाले. म्हणून उद्या कधी १०८ बोलावलीत तर गाडीतल्या माणसांना पहिलं वाक्य हेच सांगा की सीओपीडी आहे, आणि डॉक्टरांनी लक्ष्य लिहून दिलं असेल तर तो कागद पुढे करा.

घरी कायमचा ऑक्सिजन कुणाला लागतो, यालाही नियम आहे. तब्येत स्थिर असताना, स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा ८८ किंवा त्याखालीच राहत असेल आणि एबीजीत तसंच आलं, तर दिवसातून किमान १५ तास लावायला सांगतात. त्याने अशा रुग्णांचं आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमारास सिद्ध झालंय. पण ८९ ते ९३ च्या मधल्या रुग्णांना घरी ऑक्सिजन दिला तर काय होतं, हे अमेरिकेत ७०० हून अधिक रुग्णांवर पाहिलं. निष्कर्ष २०१६ साली आला. आयुष्य वाढलं नाही, हॉस्पिटलच्या फेऱ्याही कमी झाल्या नाहीत. तुमच्या सासूबाईंना हॉस्पिटलात ९२ भरलं होतं. तो कॉन्सन्ट्रेटर बहुधा परत माळ्यावर जाणार आहे, पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

आता ऑक्सिमीटर. भावोजींच्या बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू तीच, आणि सगळ्यात जास्त छळणारीही तीच. चिमट्यातून लाल उजेड आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड बोटात शिरतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी काढतात. नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढं बदलतं तेवढंच हिशेबात धरायचं, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७४ सालची. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, नेमकं जग त्यांच्या यंत्रासाठी दुकानं पालथी घालत होतं तेव्हा.

पण ही युक्ती नाजूक आहे. चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्क्यांचा फरक धरूनच चालायचं. ९१ म्हणजे ८९ असेल, ९३ असेल. ९२ ला फोन आणि ९३ ला शांतता ही जी रेघ भावोजींनी मारलीय, ती त्या यंत्रालाच दिसत नाही! त्यात बोटं गार असली, हात हलला, नखाला रंग किंवा बोटाला मेंदी असली, ऊन थेट पडलं, की आकडा भरकटतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही आता चांगलंच माहीत झालंय. आपल्या हातांना ते लागू आहे.

दोन गंमती सांगते, दोन्ही माझ्याच. कोविडच्या लाटेत मी एका दुकानातून तीन ऑक्सिमीटर घेतले होते. त्यातल्या एकाच्या चिमट्यात सहज बॉलपेन ठेवलं. पेनाला ऑक्सिजन ९८, नाडी ७२. पेन माझ्यापेक्षा ठणठणीत. दुकानदार काही परत घेईना, अजून खणात पडलाय तो. दुसरी गंमत शेजारची. एका संध्याकाळी शेजारच्या बाई आपल्या यजमानांचा हात धरूनच आल्या, शहाऐंशी झालंय हो, शहाऐंशी! मी त्यांच्या समोर उभी राहून बघितलं तर अठ्ठ्याण्णव. इंग्रजी आकड्यांतला अठ्ठ्याण्णव उलट बाजूने वाचला की शहाऐंशी होतो. कागदावर लिहून फिरवून बघा. त्याच पडद्यावर नाडीचा आकडाही असतो, तो ऑक्सिजनचा समजून घाबरलेले तर मी कितीतरी पाहिले.

तेव्हा मोजायचं कसं? सकाळी पाववाला पोदेर भोंपू वाजवत येऊन गेला, चहा-पाव झाला, की सासूबाईंना पडवीत खुर्चीवर दहा मिनिटं निवांत बसू दे. बोलणं नाही, फोन नाही. हात गार असतील तर पदरात चोळून ऊबदार करायचे. मधल्या बोटाला चिमटा लावायचा, हात मांडीवर स्थिर. पहिला आकडा लिहायचा नाही. तो चढतो-उतरतो, मिनिटभराने एका जागी बसतो, तो लिहायचा. अधूनमधून मनगटावर नाडी घड्याळ लावून मिनिटभर मोजा. यंत्रावरची नाडी तुमच्या मोजणीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विसंबू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना यंत्र पिशवीत टाकून न्या आणि त्यांच्या यंत्राशी ताडून बघा.

हे दिवसातून एकदा. हो, एकदाच. अंगात बरं नसेल त्या दिवशी आणखी एकदा. पहिले चौदा दिवस, तब्येत नेहमीसारखी असताना, रोजचा आकडा लिहून काढलात की सासूबाईंचा स्वतःचा पट्टा कळेल, समजा ९० ते ९३. माझा किंवा तुमचा ९८ त्यांना लावायचाच नाही. तो कागद डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या की या पट्ट्याखाली किती गेलं तर फोन, किती गेलं तर गाडी. हे लिहून मिळालं नाही तर यंत्रांवर खर्च केलेले पैसे वाया गेले असं समजा. मला पत्रं येतात त्यांत बहुतेक घरांत यंत्र असतं आणि हा कागद नसतो.

घड्याळ रात्री काढून ठेवा. झोपेत सगळ्यांचाच श्वास उथळ होतो, सीओपीडीत तर झोपेच्या काही टप्प्यांत आकडा चांगलाच घसरतो, आणि मनगटावर सैल फिरणारं घड्याळ त्यात आपली भर घालतं. त्या रात्रीचं ८७ खरंही असेल, खोटंही असेल, पण त्यासाठी दोन वाजता उठायचं कारण नव्हतं. सासूबाई मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. रात्रभर नोंद करणारी वेगळी तपासणी असते. दिवसा मात्र घड्याळ घालू दे की, पावलं मोजतं. या आजारात चालणं हे औषधाइतकंच काम करतं आणि आजवर किती पावलं चाललो हे बघायला म्हाताऱ्या माणसांनाही मजा येते.

तीन गोळ्यांचं ते खेळणं काही मोजत नाही. तो दीर्घ श्वास ओढायचा व्यायाम आहे, मुख्यतः ऑपरेशननंतर देतात. तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणजे फुप्फुसं उत्तम, हा कोविडने पसरवलेला समज. सीओपीडीत मुळात अडचण श्वास बाहेर सोडण्याची असते, आतली हवा पूर्ण निघत नाही. त्यापेक्षा शिट्टी वाजवायला करतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवा. जिना चढताना, चूल फुंकताना नव्हे. चुलीवर येतेच मी.

यंत्रांच्या यादीत भावोजींनी जे आणलं नाही ते आधी. एक वजनकाटा. महिन्यागणिक वजन उतरत गेलं तर या आजारात ते चांगलं लक्षण नाही, आणि दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढून पावलं सुजली तर हृदयाकडे बघावं लागतं. दुसरी, एक साधी वही. तिसरं, सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. सासूबाई टीव्ही बघत असतील तेव्हा, त्यांना न सांगता, त्यांच्या छातीकडे बघून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. सासूबाईंचे नेहमीचे किती ते लिहून ठेवा. ते एकदम पंचविशीच्या पुढे गेले तर ऑक्सिमीटर काही का म्हणेना, काहीतरी बिघडलंय. हे मोजायला दमडी लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी मोजत नाही.

वहीत रोज एक ओळ पुरे. आकडा, आणि पुढे तीन गोष्टी. धाप नेहमीपेक्षा जास्त आहे का, कफ वाढलाय का, आणि कफाचा रंग. पांढऱ्याचा पिवळा किंवा हिरवा झाला का ते बघायला संकोच करू नका. मी आयुष्यभर लोकांचा कफ बघत आले, सवय होते. दारातून तुळशीपर्यंत जाऊन येताना त्या किती वेळा थांबतात तेही लिहा. रोजचं अंतर तेच, म्हणून तुलना होते. धाप, कफ आणि कफाचा रंग या तिन्हींपैकी दोन गोष्टी बिघडून सलग दोन दिवस तशाच राहिल्या, तर आकडा ९३ असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सीओपीडीचा झटका एका रात्रीत कोसळत नाही सहसा, आधी दोन-चार दिवस कुरबुर करतो, आणि ती कुरबुर बोटाच्या आधी कफात दिसते. त्या वेळी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि सासूबाईंना मधुमेह असेल, तर ग्लुकोमीटर काढा, कारण त्या गोळ्यांनी साखर उसळते.

आणि बांबोळी. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, थुंकीतून रक्त आलं असेल, गुंगी किंवा गोंधळ असेल, किंवा बरोबर मोजूनही, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजूनही, आकडा डॉक्टरांनी लिहिलेल्या खालच्या रेघेच्या खालीच असेल, तर निघायचं. उलट आकडा छान आहे पण माणूस बरा दिसत नाही, असं तुमच्या मनाने घेतलं, तरीही निघायचं. तुम्ही त्यांना रोज बघता. आकडा ९०, पण बाई नेहमीसारख्या भाजी चिरत कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलतायत, तर चिमटा काढा, हात चोळा, पुन्हा लावा.

आता चूल. तुमच्या भागात खाणींचे ट्रक दारावरून जायचे, २०१२ साली ते पहिल्यांदा थांबले तोवर किती धूळ घरात आली असेल त्याचा हिशेब नाही. पण विडी न ओढणाऱ्या आपल्या बायकांना हा आजार होतो त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. चाळीस-पन्नास वर्षं सकाळ-संध्याकाळ लाकडं, झावळ्या, नारळाची सोडणं. आणि अजूनही त्या रोज सकाळी तिथे बसून फुंकतायत आणि आपण त्यांच्या बोटाला चिमटा लावतोय! वर एक मेख आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जागी चिकटतो, आणि आपला साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो. म्हणजे चुलीपाशी बसून उठलेल्या माणसाचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो. भावोजींना पुढच्या खेपेला काही आणायचंच असेल तर छपरावर सोलर हीटर बसवू दे, पावसाळ्यापुरता विजेचा गीझर. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात मात्र नको, तिथेही तोच वायू साचतो. सासूबाई म्हणतील, चुलीवरच्या पाण्याची सर नाही. खरंच नाही. मलाही तो वास आवडतो. पण पाणी तापवायचं काम त्यांच्याकडून काढून घ्या, हे पहिलं.

पावसाळ्याचं थोडं. इनहेलरमध्ये घालायच्या पावडरीच्या कॅप्सूल असतील तर त्या आधी फोडून डबीत काढून ठेवू नका, आपल्या दमट हवेत मऊ पडतात आणि पावडर नीट सुटत नाही. घ्यायच्या वेळी पाकिटातून एक काढायची. स्टिरॉइडवाला इनहेलर असेल तर नंतर चूळ भरायची. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर त्यांना एकदा इनहेलर ओढून दाखवायला सांगा. मी दवाखान्यात दाखवायला सांगायची तेव्हा अर्ध्याहून जास्त लोकांचं काहीतरी चुकत असायचं, आणि नेमकं हे तपासणारं यंत्र कुणी बॅगेतून आणत नाही. कॉन्सन्ट्रेटर ठेवायला सांगितलाच तर वीज गेल्यावर काय, ते आधी ठरवा. ५ लिटरचं मशीन तीनशे-चारशे वॅट खातं, इन्व्हर्टर तेवढा आहे का ते बघून घ्या आणि एक भरलेला सिलिंडर हाताशी असू दे. नळी लावून देवघरात समईपाशी बसायचं नाही. चवथीत धूप, कापूर आणि फटाके होतील तेव्हा त्यांची खुर्ची मागच्या खोलीत.

राहता राहिले भावोजी. स्कॉटलंडमध्ये सीओपीडीच्या २५६ रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१३ साली छापून आला. निम्म्यांच्या घरी यंत्रं दिली, रोजचे आकडे आणि लक्षणं दवाखान्यात पोचायची, तिकडे माणसं ती बघायला बसलेली. वर्षभराने हॉस्पिटलात भरती व्हायच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. आणि तिथे आकडे बघणारे प्रशिक्षित लोक होते. इथे समुद्रावरून बघणारा एक मुलगा आहे, ज्याला त्या मे महिन्यात काहीच बघता आलं नव्हतं. गोव्यात तेव्हा ऑक्सिजन या शब्दाने काय केलं ते मी त्यांना समजावायला नको. ते आकडे मागतात ते आईच्या बोटाचे, पण त्यांना हवं असतं काहीतरी वेगळंच. त्यामुळे आकडे बंद करते असं एकदम सांगू नका, त्यांना ते दार लावून घेतल्यासारखं वाटेल. आणि हे बोलणं तुम्ही करू नका. ते तुमच्या यजमानांनी करायचं, आई त्यांची आणि भाऊही त्यांचाच. तुझं काय जातं म्हणतात ना, मग एक आठवडा रोजची मोजणी, वही आणि भावाचे फोन त्यांनीच सांभाळू दे.

भावोजींना मात्र त्यांचं असं एक काम द्या. रोज त्यांच्या सोयीच्या वेळेला व्हिडिओ कॉल करायचा आणि आईला सांगायचं, आई, मोठा श्वास घे आणि एका दमात एक, दोन, तीन म्हणत जा, जिथे अडशील तिथे थांब. एका सेकंदाला साधारण दोन, नेहमी त्याच चालीत. डॉक्टर लोक पलंगापाशी ही चाचणी कधीपासून करतात. एकच आकडा सगळ्यांना लागू नसतो, आपलाच कालचा आकडा बघायचा. रोज २२ पर्यंत जाणाऱ्या आई १४ ला थांबल्या, तर ते तुम्हाला फोन करू देत, आणि तो फोन तुम्हीही मनावर घ्या. हे मोजायला यंत्र लागत नाही, आईचा आवाज लागतो, आणि ते काम त्यांच्याशिवाय घरात दुसरं कुणी करणार नाही. बाकी वहीचं पान आठवड्यातून एकदा, रविवारी, फोटो काढून पाठवा.

पीक फ्लो मीटर परत करू नका. सासूबाईंना त्याचा फारसा उपयोग नाही, सीओपीडीत त्यातून कळण्यासारखं थोडंच असतं. तो दम्यासाठी बनलाय आणि दमा असलेला मुलगा तुमच्या घरात आहेच. फक्त तो खेळतो तसं नाही. उभं राहून, काटा शून्यावर आणून, एकदम जोरात फुंकायचं, तीन वेळा, आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, रोज त्याच वेळी. मुखनळी त्याची एकट्याची. त्याच्या डॉक्टरांना मीटर दाखवून त्याचा उत्तम आकडा ठरवून घ्या. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर खेळायला जा म्हणायचं, निम्म्याच्या खाली गेला तर घरी थांबायचं नाही, आणि मधल्या वेळी कोणतं औषध किती, ते कागदावर. आजीची वही आणि नातवाची वही एकाच खिळ्याला टांगून ठेवा.